केदारच्या वाटेवरील धर्मशाळा

वैशाखात बीड जिल्ह्यातील बालाघाटाचे माथे उन्हाने होरपळत असतात. त्याच सुमारास दूर हिमालयात केदारनाथाच्या मंदिराची दारे यात्रेकरूंसाठी उघडतात. मंदिर सुमारे ३,५८० मीटर उंचीवर असल्याने तेथील वाटेवर हिवाळ्यातील बर्फ ठिकठिकाणी तसाच साचलेला असतो. बालाघाटाच्या टेकड्या एका दमात धावत चढणारा मुलगा या हिमवाटेवर धावू लागला, तर त्यालाही लवकरच धाप लागते. कारण तेथे हवा विरळ असते. बर्फावरून पाय घसरतो, आभाळ एकाएकी भरून येते. अशा वेळी पांथस्थाला हवा असतो तो निवारा. जुन्या काळी असा निवारा ज्यांनी उभारला, त्यांत अहिल्याबाई होळकर यांचे नाव आदराने घेतले जाते.

बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. पेशव्यांचे पराक्रमी सरदार मल्हारराव होळकर यांनी या गुणी मुलीला आपली सून करून घेतले आणि तिला राज्यकारभारात तयार केले.

पुढे बाईंवर दुःखाचे डोंगर कोसळले. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. बाई सती जाण्यास निघाल्या; परंतु वृद्ध सासऱ्यांच्या विनवणीमुळे, प्रजेसाठी त्या मागे राहिल्या. १७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव, दोघेही निवर्तले. घर रिते झाले. पण बाई खचल्या नाहीत. नर्मदातीरी महेश्वर येथे राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे न्यायाने राज्य चालविले.

ज्यांचे कोणी नाही, अशा वाटसरूंना त्यांनी आपले मानले. स्वतःच्या खाजगी उत्पन्नातून त्यांनी घाट, विहिरी, अन्नछत्रे व धर्मशाळा बांधल्या. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. बीड जिल्ह्यातील परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. दक्षिणेतील दूरदूरच्या देवस्थानांना त्या गंगेचे पाणी पाठवीत. केदारनाथ व बदरीनाथ या खडतर वाटांवरही त्यांनी धर्मशाळा व कुंडे बांधविली. माळव्यात बसून हिमालयात दगडी इमारत उभी करणे त्या काळी किती कठीण असेल! मजूर, द्रव्य आणि विश्वासू माणसे, सारेच दूर पाठवावे लागे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी देह ठेवला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८१८ मध्ये, केदारनाथाकडे गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला त्या निर्जन पहाडात बाईंची दगडी धर्मशाळा व कुंड सुस्थितीत आढळले. बाई राहिल्या नव्हत्या, त्यांचे राज्यही दुबळे झाले होते. पण थंडीने कुडकुडणाऱ्या यात्रेकरूला त्यांच्या छपराखाली ऊब मिळतच होती. स्वतःचे घर रिते झाल्यावर अनोळखी माणसांसाठी घरे बांधणाऱ्या या माउलीला लोक पुण्यश्लोक म्हणतात, ते यथार्थच आहे.