विश्लेषण : सोनेरी वानराला ओळख मिळवून देणारे ई. पी. जी कोण होते?

आसाम आणि भूतानच्या सीमाभागातील जंगलांत राहणारे सोनेरी वानर म्हणजेच गोल्डन लंगूर आज संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्या शास्त्रीय नावात, ट्रॅकिपिथेकस जीई यात, एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचे आडनाव आहे. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी या माणसाने नेमके काय केले आणि त्याचा या वानराच्या संवर्धनाशी आजही का संबंध आहे, याचा हा आढावा.

कोण होते ई. पी. जी?

एडवर्ड प्रिचर्ड जी यांचा जन्म १९०४ चा. केंब्रिजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर ते आसाममध्ये चहाच्या व्यवसायात आले. दोयांग येथील मळ्यावर त्यांनी बरीच वर्षे काढली. प्राणिशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. मळ्याच्या कामातून मिळणारा वेळ ते जंगलात घालवत, छायाचित्रे काढत आणि टिपणे ठेवत. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन्यजीव मंडळाचे ते सदस्य होते. मणिपूरमधील सांगाई हरिण नामशेष झाल्याचे १९५१ मध्ये मानले गेले होते. ते अजून तग धरून असल्याचे १९५३ मध्ये पुढे आणले ते जी यांनीच.

त्यांच्या आयुष्यात एक विसंगतीही होती. आसाममधील चहाचे मळे जंगल तोडूनच उभे राहिले होते. ज्या धंद्याने जंगल मागे ढकलले, त्याच धंद्यातला हा माणूस उरलेल्या जंगलाची नोंद ठेवत होता.

हे वानर कुणालाच माहीत नव्हते का?

तसे नाही. स्थानिकांना ते परिचयाचे होतेच. आसाममधील गोआलपाडा भागात, संकोश नदीकाठच्या जमदुआर परिसरात फिकट पिवळी वानरे आढळतात, असा उल्लेख १९१९ मध्ये छापूनही आला होता. मात्र अशा विखुरलेल्या नोंदी पडताळून पाहण्याचे काम कुणी केले नव्हते.

नोव्हेंबर १९५३ मध्ये जी संकोशच्या पूर्व काठावर भूतान सीमेजवळ पोहोचले. तेथे त्यांना वानरांचे तीन कळप दिसले आणि त्यांनी त्यांचे रंगीत चित्रीकरण केले. काळा चेहरा, लांब शेपूट आणि फिकट पिवळ्यापासून गडद सोनेरीपर्यंत बदलणारी केसांची छटा हे सारे त्यात दिसत होते. ही माहिती त्यांनी तज्ज्ञांना कळवली. त्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पथकाने नमुने गोळा केले. संस्थेचे शास्त्रज्ञ खजुरिया यांनी १९५६ मध्ये ही स्वतंत्र प्रजाती असल्याचे मांडले आणि तिला जी यांचे नाव दिले.

मुंबईशी काय संबंध?

जी यांचे या वानरावरील लेखन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नव्या वानराची माहिती देणारा लेख १९५५ मध्ये आला, तर १९६१ मध्ये त्याचा वावर कुठे आहे आणि ते काय खाते, यावर त्यांनी सविस्तर लिहिले.

नद्यांची चौकट महत्त्वाची का?

वानर कुठे राहते आणि कुठे राहत नाही, हे जी यांच्या कामामुळे स्पष्ट होऊ लागले. पश्चिमेला संकोश, पूर्वेला मानस, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा आणि उत्तरेला भूतानचे उंच डोंगर, एवढीच या प्रजातीची नैसर्गिक हद्द आहे. मानस ओलांडली की दुसऱ्याच प्रजातीची, टोपीवाली वानरे दिसतात.

सोनेरी वानर पाने, कळ्या आणि फळांवर जगते आणि बहुतेक वेळ झाडांवरच असते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्याला सलग फांद्या लागतात. त्यामुळे या चौकटीतले जंगल तुटले, तर त्याला सहजासहजी दुसरीकडे सरकता येत नाही.

जी यांनी आणखी काय केले?

१९५९ आणि १९६३ मध्ये त्यांनी नेपाळमधील चितवनचे सर्वेक्षण करून तेथील गेंड्यांच्या अधिवासाला संरक्षण देण्याची शिफारस केली. कच्छच्या छोट्या रणातील रानगाढवांची पाहणी त्यांनी १९६२ मध्ये केली. १९६४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द वाइल्ड लाइफ ऑफ इंडिया’ या पुस्तकाला पंडित जवाहरलाल नेहरू यांची प्रस्तावना होती. निवृत्तीनंतर ते शिलाँगला राहिले. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी शिफारस केलेले चितवन राष्ट्रीय उद्यान १९७३ मध्ये अस्तित्वात आले. ते पाहायला जी नव्हते.

नाव मिळाल्याने वानर वाचले का?

कायद्याचे संरक्षण मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. पण जंगल वाचले नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अशांततेत पश्चिम आसाममधील जंगलांची मोठी तोड झाली. भूतानला लागून असलेला उत्तरेकडील पट्टा बऱ्याच अंशी सलग राहिला. दक्षिणेकडे मात्र शेती, वस्त्या आणि रस्त्यांमुळे जंगलाची बेटे झाली. तेथील कळप एकमेकांपासून तुटले. झाडे संपली की वानर जमिनीवर उतरते, रस्ता ओलांडते किंवा विजेच्या तारा धरते, आणि त्यात जीव गमावते.

सध्या काय स्थिती आहे?

अलीकडच्या गणनेनुसार भारतात सुमारे ७,४०० सोनेरी वानरे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य उत्तरेकडील पट्ट्यात आहेत. १९९४ मध्ये चक्रशिला अभयारण्य घोषित झाले. बोंगाईगावजवळच्या काकोईजाना राखीव जंगलात गावकऱ्यांनी उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडी वाढू दिली. २०२१ मध्ये कोक्राझार जिल्ह्यातील रायमोना हे सुमारे ४२२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. संकोशकाठचे हे जंगल जी यांनी वानरांचे चित्रीकरण केले, त्याच परिसरातले आहे.

दक्षिणेकडील जंगलाची बेटे पुन्हा जोडण्याचे काम मात्र बाकी आहे. त्यासाठी मधल्या जमिनीवर झाडे लावणे, रस्त्यांवरून झाडांना जोडणारे दोरांचे पूल बांधणे आणि विजेच्या तारांना आवरण घालणे, हे उपाय आहेत. ज्यांच्या शेतांमधून ही वाट जाणार आहे, त्या गावांची साथ मिळाली तरच ते टिकतील.