एका धरसोड माणसाची गोष्ट

आमच्या घरी ‘धरसोड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. एक काम सोडून दुसऱ्याच्या मागे लागणारा माणूस कधी वर येत नाही, अशी वडीलधाऱ्यांची पक्की समजूत आहे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे बी. ए. होऊन पुढे काय, याचे उत्तर मी एका शब्दात द्यावे अशी त्यांची अपेक्षा असते. मला चित्रे काढायची आहेत आणि जमल्यास ती पडद्यावर हलवायची आहेत, हे सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. म्हणूनच दादासाहेब फाळके यांचे चरित्र वाचताना मी त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या चाळीस वर्षांपाशीच अडकलो. तोवरच्या फाळक्यांना आमच्या घरच्यांनी नक्कीच धरसोड म्हटले असते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्याच्या मुलाने पोथी हाती घ्यावी, तर यांनी १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मातीचे नमुने, छायाचित्रण आणि छपाई असे जे दिसेल ते ते शिकत गेले. गोध्र्यास त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी आणि मूल नेले व गोध्रा सुटले. मग नाटकांचे पडदे रंगविले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले आणि धंदा भरास आला असताना भागीदारांशी बिनसल्यामुळे त्यातूनही बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती, संसार मोठा होता आणि हाती काही नव्हते.

अशा अवस्थेत १९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. रात्रंदिवस तोच ध्यास घेतल्याने डोळे अधू झाले आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि दोन महिन्यांत कॅमेरा घेऊन परतले.

यानंतर त्यांनी जे केले ते मला ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षाही मोठे वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा मांडला. महिनाभर, ठराविक वेळाने, ते त्याचे एकेक चित्र घेत राहिले. ही चित्रे पडद्यावर ओळीने धावली तेव्हा मिनिटा-सव्वा मिनिटात बी फुटून रोप झालेले लोकांना दिसले. ते पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि चित्रपटाला पैसा उभा राहिला. पुढे महायुद्धाच्या दिवसांत कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायची. मूकपटाला सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक हजार. आज हे काम संगणकावर होते, परंतु चित्र ‘चालते’ ते याच युक्तीने. भारतात या कलेचा आरंभ त्या काड्यांपासून झाला, असे मानतात. तो पट आज उपलब्ध नाही.

आता मागे वळून पाहिले की त्यांची धरसोड निराळी दिसू लागते. पडदे रंगविणारा हात, छायाचित्रकाराचा डोळा, छापखान्यातली रसायनांची माहिती आणि जादूगाराची हातचलाखी या साऱ्यांना चित्रपटात काम मिळाले. त्यांनी हाताला लागलेला धंदा सोडला, पण हातात आलेली कला सोडली नाही.

मात्र याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोके पाडली, ती धुण्याचे तंत्र शिकून घेतले आणि चित्रपटात काम करणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. त्यांचे दागिनेही याच कामी आले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा होता.

शेवट मात्र गोड नाही. १९१८ साली काढलेल्या कंपनीतही भागीदारांशी पटले नाही आणि फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हे त्यांचे शेवटचे काम. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली.

म्हणून, कलेच्या मागे लागा, सारे ठीक होईल, असे या चरित्रावरून मला म्हणता येत नाही. पण एक गोष्ट मी उचलली आहे. सावकारापुढे त्यांनी नुसते स्वप्न ठेवले नाही, उगवलेला वाटाणा ठेवला. घरी उत्तर देण्याआधी मलाही तसा एक वाटाणा उगवून दाखवावा लागेल.