दैवी दयेची दासी : संत फॉस्टिना



पोलंडमधील एका गरीब शेतकरी कुटुंबात २५ ऑगस्ट १९०५ रोजी हेलेना कोवाल्स्का हिचा जन्म झाला. दहा भावंडांत ती तिसरी. जेमतेम तीन वर्षे शाळा शिकून सोळाव्या वर्षी ती लोकांच्या घरी कामाला राहिली. अनेक मठांनी तिला दारातूनच परत पाठवले. अखेर १९२५ साली वॉर्सा येथील मठात प्रवेश मिळाला. धर्मभगिनी फॉस्टिना म्हणून तिने स्वयंपाकघर, बाग आणि मठाचे दार सांभाळले.

२२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्रभू येशूने तिला दर्शन दिले. त्याच्या वक्षस्थळातून लाल व फिकट असे दोन किरण निघत होते. तसे चित्र काढून घेण्याची तिला आज्ञा झाली. १९३५ साली तिला दैवी दयेची माळ मिळाली. ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, अवघ्या ३३ व्या वर्षी, ती क्षयरोगाने देवाघरी गेली.

१९५९ साली रोमने या भक्तीच्या प्रसारास मनाई केली. ती १९७८ मध्ये उठली. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केले आणि पास्काचा दुसरा रविवार दैवी दयेला वाहिला.

फॉस्टिनाच्या रोजनिशीत विश्वासाला भांड्याची उपमा आहे. भांडे जेवढे मोठे, तेवढी कृपा अधिक. परंतु मिळालेली दया इतरांना द्यावी लागते. सख्ख्या भावाशी अबोला धरून माळ जपणे म्हणजे भांडे पालथे ठेवणे. या आठवड्यात पापनिवेदन करू या आणि मग त्या भावाच्या दारी जाऊ या.