ओहमचा 'ब'

'व्ही इज इक्वल टू आय आर' हे सूत्र न येणारा इंजिनीअर शोधूनही सापडणार नाही. व्हायव्हाला दुसरं काही आठवलं नाही तरी हे आठवतंच! पण ज्याच्या नावाने आपण हा नियम घोकतो, त्या माणसाबद्दल आपल्याला काय माहीत असतं? मलाही काही माहीत नव्हतं. माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती एका गॅरेजमध्ये.

झालं असं, की मित्राच्या वडिलांची जुनी गाडी पावसाळ्यात सुरूच होईना. किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता कण्हायचा. काकांनी नवी बॅटरी घातली, तरी तेच. शेवटी गॅरेजवाल्या मामांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत अर्थिंगची एक जाड वायर टाकली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! आम्ही चाट पडलो. करंट आत नेणारी वायर तर ठणठणीत होती, मग परत आणणाऱ्या वाटेत एवढं काय होतं? याचं उत्तर शोधता शोधता मी जॉर्ज सायमन ओहमपर्यंत पोचलो.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एरलांगेन गावातला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळा फारशी न शिकलेले, पण स्वतःच्या हिमतीवर उच्च गणित शिकलेले. जॉर्ज आणि त्याचा भाऊ मार्टिन या दोघांना त्यांनीच घरी गणित शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांच्या हाताखाली त्याला दोन गोष्टी मिळाल्या, गणिताची ओढ आणि धातूवर चालणारा हात. पुढे या दोन्ही त्याच्या कामी आल्या.

१८०५ मध्ये तो एरलांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि (आपल्यासारखाच!) भलत्या गोष्टींत रमला. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. वडील असे भडकले की तीन सत्रांनंतर त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला धाडलं. तिथे सतरा वर्षांचा जॉर्ज एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. स्वतःचा अभ्यास मात्र त्याने सोडला नाही. १८११ मध्ये परत येऊन त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पण पदवी मिळाली म्हणून पोट भरतं असं नाही. विद्यापीठातल्या शिकवणीत भागेना, तेव्हा बांबेर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी धरली. १८१७ मध्ये कोलोनच्या गिमनाझियममध्ये, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेत, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची जागा मिळाली. इथे एक बरी प्रयोगशाळा होती. वर्ग सुटला की ओहम तिथे जाऊन बसायचा.

१८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं, की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे करंट मोजायला एक साधन मिळालं. लक्षात घ्या, तेव्हा अ‍ॅमीटर नव्हता, व्होल्ट आणि अँपिअर ही एककंसुद्धा नव्हती. तारेची लांबी वाढवली तर परिणाम किती घटतो, एवढाच ओहमचा प्रश्न होता. १८२५ मध्ये त्याने निबंध छापला आणि त्यातलं सूत्र चुकलं! त्यात लॉगॅरिदम होता. घोटाळा बॅटरीचा होता. त्या काळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा. मोजणार काय?

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सुचवलं, की बॅटरीऐवजी थर्मोकपल वापर. ओहमने तांबं आणि बिस्मथचा जोड केला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन्ही तापमानं पक्की, म्हणून विजेचा जोरही पक्का. वर एका पट्टीला चुंबकसुई टांगली. सुई वळली की पट्टी उलटी पिळून तिला जागेवर आणायची आणि किती पिळावं लागलं ते लिहायचं. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक लावल्या.

१८२६ मध्ये त्याने खरं सूत्र छापलं. आपल्या भाषेत लिहायचं तर, सुईवरचा परिणाम म्हणजे 'अ' भागिले ('ब' अधिक तारेची लांबी). 'अ' हा उगमाचा जोर. तापमानातला फरक बदलला की 'अ' बदलायचा. पण 'ब'? तार कुठलीही लावा, तापमान कितीही ठेवा, 'ब' तोच. कारण 'ब' हा बाकी सगळ्या सर्किटचा रोध होता. आपण जिच्याकडे बघतोय त्या तारेशिवायची उरलेली अख्खी वाट!

मला वाटतं, ओहमचं मोठेपण या 'ब' मध्ये आहे. इतरांनी समोरची तार पाहिली, त्याने पूर्ण फेरा पाहिला. म्हणूनच १८२७ मध्ये बर्लिनला छापलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावात 'सर्किट' हाच मुख्य शब्द आहे. हे पुस्तक लिहायला त्याने अर्ध्या पगारावर वर्षभर रजा काढली होती. या पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल, असा त्याचा हिशेब.

हिशेब साफ चुकला. निसर्गाला गणितात बसवणं तिथल्या बऱ्याच विद्वानांना पटत नव्हतं. पुस्तकावर कडवट टीका झाली. मनाला लागलेल्या ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये आठवड्याला थोडे तास गणित शिकवून त्याने दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. हळूहळू इतरांनी प्रयोग करून पाहिले आणि नियम खरा निघाला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपले पदक दिलं. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. आणि ज्यासाठी आयुष्यभर धडपडला, ती म्युनिक विद्यापीठातली प्रायोगिक भौतिकशास्त्राची प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ ला तो गेला. जेमतेम दोन वर्षं! १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला 'ओहम' हे नाव पक्कं झालं, ते पाहायला तो नव्हता.

आता परत गाडीकडे. गाडीत परतीची वेगळी वायर नसते, बॉडी आणि इंजिनचं लोखंडच परतीची वाट. पण इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनला अर्थिंगची पट्टी लागते. तिचा बोल्ट गंजला की 'ब' वाढला! समजा स्टार्टर १५० अँपिअर ओढतोय आणि परतीच्या वाटेत फक्त ०.०१ ओहम रोध आहे. दीड व्होल्ट तिथेच गेले. १२ व्होल्टमधले दीड! मामांच्या वायरचा रोध जोडासकट ०.००१ ओहम धरला, तर दोन्ही वाटा मिळून तोटा ०.१४ व्होल्टच्या आसपास येतो. गाडी सुरू होणारच.

यावर आम्ही शहाण्यांनी काय केलं? अजून चार वायरी टाकल्या, पिकअप वाढेल म्हणून! काडीचाही फरक पडला नाही. पडणार कसा? 'ब' आधीच जवळजवळ शून्यावर आला होता. त्यातून अजून किती कमी करणार? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून कुणालातरी स्टार्टर मारायला सांगितलं असतं, तर आधीच कळलं असतं. पाव व्होल्टाच्या आत आकडा असेल तर नवी वायर म्हणजे पैशांचा चुराडा. अर्धा व्होल्ट ओलांडला तर आधी बोल्ट घासून साफ करा, मग वायरचं बघा.

ओहमनेसुद्धा आधी अंदाज छापला, तो चुकला, मग बर्फ आणि उकळतं पाणी घेऊन पुन्हा मोजायला बसला. आम्ही मात्र मोजायच्या आधीच चार वायरींचे पैसे मोजले. काकांनी त्या वायरी अजून जपून ठेवल्यात, आणि मी घरी गेलो की हमखास दाखवतात!