वुरालियाचा श्वास

जुन्नरकडे वस्तीत शिरलेल्या बिबट्याला भुलीचे इंजेक्शन मारून पकडल्याची बातमी आली की मी ती शेवटपर्यंत वाचतो. बिबट्या सापडला, एवढ्यावर माझे समाधान होत नाही. तो पुन्हा उठून उभा राहिला का, हे मला हवे असते. बँकेतल्या नोकरीने लावलेली ही खोड. कर्ज मंजूर करायला एक सही पुरते. खरी कसोटी परतफेडीची. भुलीचेही तसेच असते, हे मला चार्ल्स वॉटर्टनच्या चरित्रातून उमगले.

हा गृहस्थ 1782 साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, वॉल्टन हॉल या पिढीजात वाड्यात जन्मला. बावीसाव्या वर्षी तो दक्षिण अमेरिकेतल्या, आज गयाना म्हणतात त्या मुलखात काकांचे मळे सांभाळायला गेला. मळे गुलामांच्या श्रमांवर चालत, हेही विसरून चालणार नाही. पण त्याचा जीव हिशेबाच्या वहीत रमेना. 1812 साली तो जंगलात शिरला, वुराली नावाच्या विषाच्या शोधात. तिथले माकुशी लोक एका वेलीपासून ते शिजवीत आणि फुंकनळीच्या बाणांना लावीत. शिकार काही मिनिटांत कोसळे. मांस मात्र खुशाल खाता येई. हे विष वापरून पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर उपाय करता येईल, अशी वॉटर्टनला आशा होती. ती पुढे फळाला आली नाही.

1814 साली लंडनमध्ये एका गाढविणीच्या खांद्यात हे विष टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन चक्क भात्याने फुप्फुसात हवा भरायला सुरुवात झाली. दोन तासांनी तिने मान वर केली. भाता थांबवताच ती पुन्हा ढासळली. पुन्हा दोन तास भाता चालला आणि ती उठून चालू लागली! विष स्नायूंना लुळे करते, श्वासाचे स्नायूही थांबतात. हृदय मात्र चालू असते. तेवढा वेळ कुणी श्वास पुरवला, तर शरीर विषाचा निचरा करते.

पण एक गोष्ट त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आली नसावी. या औषधाने शरीर निश्चल होते, जाणीव जात नाही. एका अमेरिकी डॉक्टराने ते स्वतःच्या अंगात टोचून घेऊन हे सिद्ध केले; तो प्रयोग 1947 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ती मुकी गाढवीण बराच वेळ सारे सोशीत पडली असण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच आजचे पशुवैद्य नुसते लुळे करणारे औषध पुरेसे मानीत नाहीत. बिबट्याला बहुधा केटामिन आणि झायलाझिन मिळून देतात. त्यातल्या झायलाझिनवर उतारा असतो, केटामिन आपोआप ओसरू द्यावे लागते. तोवर त्याचे डोळे झाकून कुणीतरी श्वास मोजत बसलेले असते.

वॉटर्टनचे पुढले आयुष्य विलक्षणच. 1829 साली लग्न झाले आणि वर्षभरात, मुलाला जन्म देऊन बायको गेली. तेव्हापासून तो जमिनीवर, लाकडी ओंडका उशाला घेऊन झोपे. वाड्याभोवती त्याने सुमारे तीन मैलांची उंच भिंत बांधली. आत पाखरांवर बंदूक चालवायला बंदी. शेजारच्या साबणाच्या कारखान्याने झाडे मरू लागली, तेव्हा त्याने कोर्टही गाठले. 1865 साली, ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

त्याच भिंतीच्या आत ती गाढवीणही राहिली. विषाच्या नावावरून तिचे नाव ठेवले होते वुरालिया. तिच्या पाठीवर कधी ओझे पडले नाही. प्रयोगानंतर ती तब्बल पंचवीस वर्षे, 1839पर्यंत जगली.

परतफेड म्हणतात ती ही. आता बिबट्याच्या बातमीची शेवटची ओळ शोधताना मला आधी तो भाता आठवतो, आणि तासन्‌तास तो चालवणारे हात.