टीकाकार विष्णुशास्त्री

पुण्यात नव्या नाटकाचा पडदा पडण्याचा अवकाश, की कट्ट्यावर त्याचे परीक्षण सुरू होते. चित्रपट आणि कादंबरी यांचीही सुटका नसते. मीही त्या टीकाकारांपैकीच. गेल्या वर्षी भित्तिपत्रकात एका वर्गमित्राच्या एकांकिकेची मी मनसोक्त टिंगल केली. निम्मा मजकूर तिच्यातील गावाकडच्या बोलीवर आणि व्याकरणावर खर्ची घातला. सगळे हसले. त्याने मात्र पुढे काही लिहिले नाही. त्यानंतर ग्रंथालयात निबंधमालेचा खंड हाती आला आणि तिच्या कर्त्याचे चरित्र मी प्रथमच नीट वाचले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री नामांकित पंडित आणि ग्रंथकार. डेक्कन कॉलेजातून बी. ए. होऊन विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक झाले. शालापत्रक मासिकात त्यांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावर विवेचक लेख लिहिले. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी निबंधमाला सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. वाचन, भाषांतर, इतिहास, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सन असे किती विषय! इंग्रजी शिकलेल्यांना मराठी लिहिणे कमीपणाचे वाटे, त्या काळात त्यांनी मराठी गद्याला ताठ कणा दिला. पुस्तकाची परीक्षा करताना त्यांनी कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही.

पण याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनावरील टीकाही आहे. गुलामगिरी १८७३ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाली होती. शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून जगता येईल की नाही, हा तिचा प्रश्न. विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ खिल्ली उडवली. प्रश्नाला मात्र न्याय दिला नाही. एवढा चाणाक्ष वाचक, पण आपल्याच शहरातल्या एका नव्या, धगधगत्या पुस्तकाचे मोल त्याला कळले नाही. ती पाने वाचताना मला भित्तिपत्रकातला माझा मजकूर आठवला आणि मान खाली गेली.

पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० रोजी टिळकांच्या साथीने न्यू इंग्लिश स्कूल उघडले. १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली, त्यांतही ते होते. १७ मार्च १८८२ रोजी वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चूक सुधारायला काळाने त्यांना सवड दिली नाही. दिली असती तर ती सुधारली असती का, हे कोणी सांगावे?

त्यांची निर्भीडता मला आजही हवी आहे. परंतु लेखकाची भाषा तपासण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे, हा धडा त्यांच्या चुकीनेच मला दिला. मला सवड आहे. परवाच वर्गमित्राकडून त्या एकांकिकेची वही मी मागून आणली. तिच्यात दुष्काळात गुरे विकणारा एक बाप आहे. तो भित्तिपत्रकाच्या वेळी मला दिसलाच नव्हता.