लाव्ह्याच्या थरात तळ्यातली गोगलगाय शोधणारे मिशनरी: स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट

निलंगा तालुक्यात विहीर खोदायला घेतली की खाली काय काय लागणार, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एकदा पाषाण लागला की कुदळ बाजूला ठेवायची आणि सुरुंगवाल्याला बोलवायचं.

पण हा पाषाण जातो किती खोल? या भागापुरतं त्याचं उत्तर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मिळालं. शास्त्रज्ञांनी शेजारच्या औसा तालुक्यात, किल्लारीला, खोल बोअर घेतला. त्यात 338 मीटर नुसता बेसाल्ट लागला, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाईटच्या जातीचा खडक.

हा लाव्हा एका दिवसात आलेला नाही. तो थरावर थर असा साचत गेला. मग दोन थरांच्या मधल्या काळात इथं काय होतं? पाणी होतं का? झाडं, प्राणी होते का? या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये एक नाव आहे, जे आज बहुतेकांना फक्त नागपूरच्या एका कॉलेजमुळे माहीत असतं. ते नाव म्हणजे स्टीफन हिस्लॉप.

स्कॉटलंडच्या गवंड्याचा मुलगा

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा. गाव स्कॉटलंडमधलं डन्स. वडील गवंडीकाम करायचे आणि चर्चच्या कामातही असायचे. लहानपणापासून स्टीफनला किडे गोळा करायचा नाद होता.

डन्स ज्या परगण्यात येतं, त्याच परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचा एक उघडा खडकाळ कडा आहे. तिथं 1788 साली जेम्स हटन यांनी उभ्या थरांवर आडवे थर बसलेले पाहिले. खालचे थर साचायला, उभे व्हायला, झिजायला आणि त्यावर पुन्हा नवे थर बसायला प्रचंड काळ लागला असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे ही समजूत तिथून डळमळीत झाली. या हटन यांची शेतीही डन्सच्याच परिसरात होती. म्हणजे दगड वाचायची परंपरा या मुलाच्या अंगणातच होती.

शिकून हिस्लॉप धर्मोपदेशक झाले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं त्यांना भारतात पाठवलं. 1844 च्या अखेरीस ते पत्नी इरास्मा यांच्यासह मुंबईला उतरले आणि 1845 च्या सुरुवातीला नागपुरात पोचले.

भोसल्यांच्या नागपुरात

तेव्हा नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप मराठी शिकले. 1846 साली त्यांनी शाळा काढली. 1847 मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या जोडीला आले. धर्मांतराच्या कामावरून राज्यात तणावही झाले. ते सगळं सांभाळून हे दोघे आजूबाजूचा मुलूख पायी आणि घोड्यावरून फिरत राहिले.

आता नागपूरचं एक वैशिष्ट्य बघा. महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्ह्याच्या काळ्या खडकाखाली झाकलेला आहे आणि या पसाऱ्याची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येते. सीताबर्डीचा किल्ला बेसाल्टच्या टेकडीवर आहे. तिथून थोडं पूर्वेला किंवा उत्तरेला गेलं की वेगळेच खडक सुरू होतात. मराठवाड्यात जे शेकडो मीटर खाली दडलेलं आहे, ते नागपूरच्या कडेला उघडं पडतं.

टाकळीची गोगलगाय

1851 साली नागपूरच्या वायव्येला असलेल्या टाकळीजवळ हिस्लॉप आणि हंटर यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा एक पातळ थर मिळाला. त्यात जीवाश्म होते. गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, झाडांची फळं आणि बिया. भुंगेऱ्यांच्या पंखांवरची कठीण कवचंसुद्धा दगडात शाबूत होती.

अशा थरातले शंख पहिल्यांदा त्यांनाच सापडले असं नाही. 1830 च्या दशकात जॉन ग्रँट माल्कमसन या लष्करी डॉक्टरांनी हैदराबाद ते नागपूर वाटेवर, नांदेडच्या पलीकडच्या निर्मळ भागातल्या डोंगरांत तसेच शंख गोळा केले होते. पण हिस्लॉप आणि हंटर यांनी एक एक जागा धुंडाळून जमवलेला साठा फार मोठा होता.

गोगलगायीला इतकं महत्त्व का? कारण ती गोड्या पाण्यातली होती. लाव्हा समुद्राच्या तळाशी साचला असता, तर मधल्या थरात समुद्रातले शिंपले मिळाले असते. इथं मिळाली तळ्यातली गोगलगाय आणि काठावरच्या झाडांची फळं. म्हणजे इथं जमीन होती. तिच्यावर तळी होती, झाडं होती. मग लाव्हा आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं.

कोराडीच्या खुणा, मांगलीची कवटी

हिस्लॉप लाव्ह्यापाशी थांबले नाहीत. नागपूरच्या उत्तरेला कोराडीजवळच्या लाल खडकात त्यांना कृमी सरपटत गेल्याच्या खुणा दिसल्या. मऊ शरीराच्या प्राण्याचं हाड किंवा शंख मागे उरत नाही. चिखलावर उमटलेली त्याची वाट मात्र दगड होऊन टिकू शकते. कामठी, सिलेवाडा भागातल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे 60 मैलांवरच्या मांगलीहून एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी तिचा अभ्यास करून प्राण्याचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स. डायनासोर हा शब्द रूढ करणारे ओवेन ते हेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची जुनी हाडंही हिस्लॉप यांनी जमवली. पुढे ते गाव डायनासोरच्या जीवाश्मांसाठीच ओळखलं जाऊ लागलं.

1855 मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. 1860 मध्ये लाव्ह्यामधल्या थरांवर हिस्लॉप यांचा स्वतंत्र निबंध आला. एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळालं. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या एका गटाला हिस्लोपिया म्हणतात, तेही त्यांच्यावरूनच.

त्यांचे सगळे अंदाज बरोबर निघाले नाहीत. गाळाच्या खालचा लाव्हा नंतर घुसला असावा असं त्यांना वाटत होतं. पुढच्या अभ्यासकांनी हे दुरुस्त केलं. खालचा थर आधी, मग मध्ये शांततेचा काळ आणि तळी, मग वरचा थर, असा तो क्रम आहे. थरांचं वयही त्यांनी धरलं त्याहून जास्त निघालं. आज हे लाव्हे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात, म्हणजे डायनासोर संपले त्या सुमाराचे. वय मोजायची आजची साधनं तेव्हा नव्हती. त्यांनी गोळा केलेले नमुने मात्र पुढच्यांना तपासता आले आणि त्यावरूनच चुका सुधारता आल्या.

टाकळघाटची रात्र

दगडाइतकाच हिस्लॉप यांना माणसांमध्येही रस होता. गोंड लोकांची भाषा, गाणी, चालीरीती ते टिपून ठेवत होते. 1863 च्या पावसाळ्यात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला गेले. तिथं मोठमोठ्या दगडांची जुनी वर्तुळं आहेत आणि ती कुणी मांडली हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

4 सप्टेंबर 1863 च्या रात्री हिस्लॉप एकटेच घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. तो ओलांडताना ते बुडाले. 46 वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

गोंडांवरची टिपणं अर्धवटच राहिली होती. टेंपल यांनी ती संपादित करून 1866 साली छापली. टाकळघाटच्या वर्तुळांचं रीतसर उत्खनन व्हायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव यांनी ते केलं आणि ही वर्तुळं लोहयुगातल्या लोकांची दफनं असल्याचं स्पष्ट झालं. हिस्लॉप यांच्या शाळेच्या कामातून 1883 साली नागपुरात कॉलेज उभं राहिलं, तेच आजचं हिस्लॉप कॉलेज.

मग निलंग्याच्या विहिरीत काय बघायचं?

काळ्या पाषाणात जीवाश्म शोधू नका. तापलेल्या लाव्ह्यात सहसा काही टिकत नाही. बघायचं ते दोन थरांच्या मधल्या सांध्यात. विहिरीच्या किंवा खाणीच्या कडेला काळ्या दगडात मध्येच विटेसारखा लाल पट्टा दिसला, तर तो बहुतेक वेळा खालच्या लाव्ह्यावर तयार झालेली आणि वरून नवा लाव्हा आल्यावर भाजून निघालेली जुनी माती असते. आणि कुठं पांढरट, थरथरांचा गाळाचा पट्टा दिसला आणि त्यात बारीक शंख असले, तर ते तळं असू शकतं. अशा वेळी दगड फोडून घरी नेण्याआधी जवळच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना तो जागेवरच दाखवा. नमुना कुठल्या थरातून आला हे कळलं, तरच त्याचा अभ्यासाला उपयोग होतो.